वाळलेली कणीक

“काल जाताना कणीक काढली होतीस ना?”

“हो, बुवा,” वैजू म्हणाली.

खोटं बोलायलाही सराव लागतो. वैजूला तो नव्हता. तिची नजर सरळ कोपऱ्यातल्या पखवाजाकडे गेली आणि तिथंच पितळ उघडं पडलं.

गुंडाबुवा बोलायला भारी चिक्कू. नदीकाठच्या त्या मठात चाळीस वर्षं पखवाज शिकवला, पण दोन शब्द खर्च झाले तर तिसरा उद्यावर टाकतील असा माणूस. त्यांनी पखवाज पुढ्यात ओढला, खोळ काढली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या चामड्यावर, पुडीवर, ओल्या कणकेचा गोळा थापतात, म्हणजे आवाज घुमतो. वाजवून झालं की कणीक काढून टाकायची. हे पहिल्याच दिवशी शिकवतात, हात कसा ठेवायचा त्याच्याही आधी. आणि वैजू तर सहा वर्षं शिकत होती. मठातला सगळ्यात तयार हात तिचा, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

कणीक वाळून खडखडीत झाली होती. कडेला पुडी तडकली होती.

वैजूला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

“वाजव,” बुवा म्हणाले.

तिनं थाप मारली. घुमायच्या जागी नुसतं ठक्क झालं.

“विसरलीस?”

“नाही… घरी जायची घाई होती.”

बुवा नुसते बघत राहिले. ते गप्प बसले की समोरचं माणूस आपसूक बोलू लागतं.

“बाबांची गिरणी बंद पडल्यापासून रोज खटके उडतात. आई एक बोलते, बाबा दोन. परवा जेवणाचं ताट भिंतीवर गेलं. मी मध्ये उभी राहते म्हणून घर उभं आहे, बुवा. मी नसले तर काय होईल सांगता येत नाही.”

हे सांगताना मात्र तिची मान जराशी ताठ झाली होती.

“किती दिवस उभी आहेस?”

“दोन वर्षं.”

“भांडण थांबलं?”

वैजू कणीक नखानं उचकटायला गेली. बुवांनी तिचं मनगट धरलं.

“कोरडी ओढलीस तर चामडं निघेल.”

त्यांनी फडकं भिजवून पुडीवर ठेवलं.

“किती वेळ लागेल?”

“लागेल तेवढा.”

“पण घरी…”

“बस.”

ती बसली. फडक्यातलं पाणी मुरत होतं. बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. वैजूनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली, आणि मग जे कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं तेच तोंडातून गेलं.

“काल दोघं भांडत होते. आईनं खुणेनं सांगितलं, तू जा. मी आले. आणि इथं वाजवताना मला हसू आलं, बुवा. छान वाटत होतं. आई तिकडं रडत होती आणि मला इथं छान वाटत होतं. ते लक्षात आलं आणि तशीच पळाले… मला माझीच लाज वाटते. उद्यापासून मी येत नाही.”

बुवांनी फडकं उचललं. कणीक मऊ झाली होती. अंगठ्यानं हलकेच लोटली तशी सुटून आली. ती त्यांनी अंगणात साळुंक्यांना टाकली, पुडी पुसली, ताजी कणीक लावली.

“वाजव.”

पखवाज घुमला. तडकल्या कडेला जरा चिरकला, पण घुमला. वैजूचा हात नकळत पुढं गेला, एक बोल, दुसरा, मग अख्खी परण. शेवटच्या थापेला तिच्या ओठावर हसू आलं. ते लपवायला तिनं मान खाली घातली.

बुवांनी पाहिलं होतं.

मग तिनं आपणहून कणीक काढली. सावकाश, कडेकडेनं. खोळ घातली आणि उठली.

“तुझा बाप माझ्याकडेच टाळ धरायला शिकला,” बुवा म्हणाले. “त्याला म्हणावं, बुवांनी बोलावलंय.”

“आणि मी काय करू?”

“उद्या चारला ये.”

वैजू उंबऱ्यापाशी घुटमळली. बोटांना अजून कणीक चिकटलेली होती.

“आत्ता जाईन तेव्हा भांडण चालूच असलं तर, बुवा?”

बुवांनी दारातल्या रांजणाकडे बोट दाखवलं.

“हात धुऊन जा. तिकडची वाळलेली कणीक भिजवायला तिकडं दोघं आहेत.”