मणक्यांच्या डोंगरापलीकडची यमू

आलात का सगळे? ओवी, तू जरा भिंतीकडे सरक, धन्याला पाय लांब करू दे. आणि निजायच्या आधी जाऊन आलात ना दोघं? मग गोष्ट रंगात आली की कुणी उठायचं नाही, सांगून ठेवते. आजच्या गोष्टीत तेही येणार आहे, म्हणून विचारलं. हसू नका.

तर एकदा काय झालं, एक होतं राज्य. केवढं? साडेतीन हात. बस्स, एवढंच. आणि हात कुणाचा धरायचा, तर ज्याचा त्याचा. ओवीच्या हाताने ओवी साडेतीन हात, माझ्या हाताने मी. हे राज्य होतं आवडी कासारणीचं. म्हणजे तिच्या मालकीचं नव्हे रे, तिच्या अंगातलं. आवडी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची, आणि तिच्या कातडीच्या आत हे अख्खं राज्य तिच्याबरोबर हिंडायचं. तिला बापडीला पत्ताही नव्हता.

त्या राज्यात वर डोक्याच्या गडावर राणी बसायची. छातीच्या पिंजऱ्यात ढोलबामामा ढोल बडवायचे, धप् धप्, धप् धप्, दिवस म्हणू नका रात्र म्हणू नका. त्या ढोलाच्या जोरावर तांबडी नदी वाहायची. पार पायाच्या करंगळीपर्यंत जायची आणि परत मामांकडे यायची. मामांच्या दोन्ही अंगांना दोन भातेवाले भाऊ. ते वारा आत ओढायचे आणि बाहेर टाकायचे. धाकटा जरा बारीक होता, कारण मामा त्याच्याच अंगावर रेलून बसलेले. आणि खाली उजव्या हाताला कोठीवाले आबा. आवडी जेवली की ते गोड साठवून ठेवायचे, आणि तिला उपास पडला की कोठीतून काढून नदीत सोडायचे. एकदम नाही हं, बेताने. त्या राज्यात सगळं बेताचंच लागायचं. ऊब बेताची, गोड बेताचं, मीठ बेताचं. जरा इकडचं तिकडे झालं की राज्य आजारी.

आता आपली मथू. आबांच्या कोठीच्या खाली, पाठीला टेकून, मथूचं घर होतं. ही पाणी गाळायची. तांबडी नदी दारात आली की ही गाळणं धरायची. कामाचं ते परत नदीत, घाण ती खाली हौदात. मीठ फार झालं तर काढून टाकायची, कमी पडलं तर धरून ठेवायची. पाण्याचंही तसंच. आणि तो खालचा हौद भरला की काय होतं? बरोबर! घ्या, हसून घ्या एकदाचे.

पण मथूचा जीव काही कामात नव्हता. तिला एक बहीण होती, यमू. जुळ्याच म्हणा ना. आवडी अजून आपल्या आईच्या पोटात होती, एवढीशी, तेव्हा ह्या दोघी जन्मल्या. तेव्हा त्या एकत्र होत्या बरं का! खाली कमरेच्या खोलगट जागेत, एकमेकींना बिलगून. मग आवडी वाढायला लागली आणि ह्यांना वर सरकावं लागलं, आपापल्या कामाच्या जागी. मधे हा मणक्यांचा डोंगर. मथू गेली डोंगराच्या उजव्या अंगाने आणि यमू डाव्या अंगाने. वाटेत हात सुटले ते सुटलेच. यमूही पलीकडे पाणीच गाळायची, पण पुन्हा म्हणून भेट नाही.

मथूला तिचा चेहरासुद्धा आठवायचा नाही. आठवायचं ते एवढंच, की आपल्या अंगाला कुणाचं तरी अंग लागलेलं असायचं आणि फार बरं वाटायचं. गाळता गाळता तिचे हात थांबायचे. ती डोंगराकडे बघत बसायची. नदी सगळीकडे जाऊन यायची, पण नदीला कुठे बोलता येतं? मथू म्हणायची, "एकदा, फक्त एकदा माझ्या यमीला बघेन. मग काही मागणार नाही." असं तळमळत दिवस जायचे.

मग एके दिवशी तिने ढोलबामामांना हाक मारली. डोंगराच्या पुढून तांबडी नदीचा मोठा पाट जायचा, त्याला ही ओढ! ती म्हणाली, "मामा, तुमचा ढोल जरा थांबवता का? पाट उतरला की मी पलीकडे जाते आणि यमीला भेटून येते."

मामा म्हणाले, "बाय माझी, दोन ठोक्यांच्या मधे जरा टेकतो, तेवढाच माझा विसावा. तेवढ्यात जाऊन येशील तर जा."

मथूने पाय पाण्यात घातला. धप्! पाण्याने तिला अशी काठावर आणून आपटली! "मामा, थोडं थांबा ना!" म्हणून ती रडायला लागली. मामांनाही वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "मी थांबलो तर वर राणीला घेरी येईल, आणि ती पडली की आपण सगळेच पडलो. मागू नकोस बाई हे माझ्याकडे." आणि बोलता बोलता वाजवतच राहिले. काय करतील?

मग तिने ठरवलं, पुढून नाही तर मागून, डोंगर चढूनच जायचं. पण भातेवाल्यांनी भाता ओढला की मथूच्या पायाखालची जमीनच खाली जायची, सोडला की वर यायची. चढणार कशी? मग तिने त्या दोघा भावांना विनवलं. "दादांनो, तुम्ही दोघं कसे शेजारी शेजारी बसता. मला माझ्या बहिणीला बघायचंय हो. जरा भाते धरून ठेवा."

ते भाऊ मऊ मनाचे. त्यांनी धरले भाते. जमीन थांबली. मथू एक मणका चढली, दुसऱ्याला हात घातला. पण वारा येईना, तशी नदी काळवंडली, पाणी आंबलं. गडावर राणीचा जीव घाबरा झाला. ती ओरडली, "ओढा रे भाते! ओढा!" राणीचा हुकूम आला की भावांचं काही चालायचं नाही. त्यांनी भस्सकन असा भाता ओढला की जमीन दणकन हलली आणि मथू गडगडत खाली. धाकटा भाऊ म्हणाला, "मथूताई, माफ कर. आमच्या मनात होतं गं." मथू घरी परतली. गाळणं उचललं आणि पाणी गाळायला लागली. पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

धन्या, डोळे मिट. मिटून ऐकता येतं.

मग काय झालं, वैशाख आला. आवडीला एका लग्नघरी बांगड्या भरायला बोलावलं होतं, हळदीच्या आत पोचायचं होतं. पहाटेच निघाली, चालून चालून दमली आणि वाटेत एका चिंचेखाली जरा आडवी झाली. लागला की डोळा. ढोल सावकाश वाजायला लागला. भाते हळूहळू हलायला लागले. मथूच्या पायाखालची जमीन पाळण्यासारखी झुलायला लागली, बस्स, तेवढीच. मथूच्या मनात आलं, आज नाही तर कधीच नाही. आता कुणाला विचारायला नको आणि सांगायलाही नको. तिने गाळणं खाली ठेवलं.

वरून आबांनी बघितलं. "मथे, हातचं काम टाकून निघालीस कुठे?"

"यमी आहे ना पलीकडे, आबा. ती सांभाळेल घटकाभर."

"सांभाळेल गं. पण ऊन चढलं तर? एकटीच्या हातांना किती ओढ लागेल, काही विचार केलास?"

मथूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. ती चढत सुटली. एक मणका, मग दुसरा, मग तिसरा. हात सोलले, गुडघे फुटले, पण चेहरा काय फुलला होता!

आणि इकडे आवडी दचकून जागी झाली. ऊन डोक्यावर आलेलं. "अगं बाई, हळद लागून जाईल!" म्हणत तिने टोपली उचलली आणि झपाझपा चालायला लागली. झालं! राज्यात एकच धांदल. डोंगराच्या आतून राणीच्या तारा जायच्या, त्या झणझणायला लागल्या. मथूला सगळं ऐकू येत होतं. "कातडीच्या खिडक्या उघडा! घाम सोडा!" घाम सुटला, अंग जरा निवलं, पण पाणी चाललं बाहेर. नदी आटायला लागली. मग ढोलबामामांनी ढोल जोरात धरला, भावांनी भाते जोरात ओढले, आबांनी कोठी उघडून गोड सोडलं. जो तो आपापल्या जागी राबत होता. कुणी कुणाला दिसत नव्हतं, पण एकाचं कमी पडलं की दुसरा ओढून नेत होता. मग राणीने नदीतून निरोप सोडला, "पाणी गाळणाऱ्यांनो, थेंब थेंब राखा!" आणि आवडीच्या घशाला तहान लावून दिली.

निरोप मथूच्या दारात आला. दारात होतं कोण? कुणीच नाही. तसाच पुढे वाहून गेला. मथूच्या बाजूने पाणी राखायला कुणी नाही, ते तसंच हौदात वाहून जायला लागलं. आवडीचे पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बांधावर मटकन बसली. बांगड्या खळखळल्या.

आणि मथू? मथू डोंगराच्या माथ्यावर पोचली होती. तिने पलीकडे वाकून बघितलं.

खाली यमू होती. पाठमोरी. अगदी मथूसारखीच पाठ. पदर खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि दोन्ही हातांनी नुसती गाळत होती, गाळत होती. स्वतःच्या वाट्याचं झालं की मथूच्या वाट्याचं. मान वर करायलाही फुरसत नव्हती. मथूच्या काळजात चर्र झालं. गेला जन्म... छे, ह्याच जन्मातलं सगळं तिला आठवलं, ते बिलगून असणं, ते हात सुटणं. "यमे!" अशी हाक तिच्या अगदी ओठांवर आली.

तेवढ्यात यमू आपल्याशीच बोलली. म्हणाली, "आज माझ्या मथीला बरं नाही वाटतं. पडू दे तिला जरा. करते मी."

मला तर बाई इथे नेहमी रडू येतं. थांबा जरा.

हं. मथूने हाक गिळली. कारण तिला ठाऊक होतं, हाक ऐकली की यमी वळणार, वळली की गाळणं खाली ठेवून धावत येणार. आणि दोघींचेही हात थांबले तर आवडी त्या बांधावरून उठायचीच नाही. ना ढोल वाजेल, ना भाते हलतील, ना यमू राहील ना मथू. म्हणून तिने नुसतं बघितलं. पोटभर बघितलं म्हणावं, तर पोट कुठे भरतं असं? पाय निघत नव्हते. तरी ती वळली आणि आली तशी उतरायला लागली. घसरत, पडत, रडत. पुन्हा एकदा मागे वळून बघितलं का? नाही. बघितलं असतं तर आली नसती.

घरी आली. मथूने पदर खोचला, गाळणं उचललं आणि राणीचा निरोप पुन्हा आला तसं थेंब थेंब पाणी राखायला लागली. तिकडे बांधावर शेतातली एक बाई धावत आली. तिने आवडीला सावलीत नेलं आणि मीठ घातलेलं ताक पाजलं. ताक आत आलं, मीठ आलं, पाणी आलं. नदी भरली. खिडक्या मिटल्या, भाते सावकाश झाले, ढोल तालावर आला. आवडीने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "बांगड्या फुटल्या का हो?" कासारीणच ती!

त्या दिवशी मथूने यमूच्या वाट्याचंही जमेल तेवढं गाळलं. दोघींचं काम एकटीने करताना कसं होतं, ते तिलाही कळलं. डोंगरापलीकडे यमूचे हात जरा मोकळे झाले असतील. "उठली वाटतं माझी बाय," असं म्हणाली असेल ती. असेल आपलं. मी काही तिथे नव्हते.

काय गं ओवी? पुढे भेटल्या का? नाही गं सोन्या, नाही भेटल्या. मथूला यमूची आठवण यायची थांबली नाही, रोज यायची. पण आता तिला यमूची पाठ ठाऊक होती आणि तिचा आवाज ठाऊक होता. डोंगराकडे बघत ती गाळत राहायची. आवडी पुष्कळ वर्षं जगली, पुष्कळ नवऱ्या मुलींना बांगड्या भरल्या, आणि तिच्या राज्यातले सगळे आपापल्या जागी सुखात राहिले.

आता कुशीवर वळा. धन्या झोपला वाटतं. ओवी, आण तुझा हात. हा असा तुझ्याच पाठीवर उजवीकडे ठेव, इकडे मथू. आणि हा माझा हात तिकडे, यमूवर. दोघी जाग्या आहेत हो. तू नीज.