राजउशीला ऊन

एका राज्यात, जिथे डोंगर सणासुदीला जागा बदलत आणि पोपटांना दरबारात बसायला वेगळी दांडी असे, तिथे चंद्रकेतू नावाचा तरुण राजा होता. राजा शूर होता, न्यायी होता. फक्त त्याला उजवीकडे बघता येत नसे.

हे सुरू झालं त्याच्या लग्नाच्या दिवशी. पहाटे उठला तो मान डावीकडे वळलेली, आणि वळली ती तिथेच. मुहूर्त टळू नये म्हणून तसाच बोहल्यावर उभा राहिला. अंतरपाट दूर झाला, तेव्हा नवरी शाल्मलीला नवऱ्याचा उजवा कान दिसला. कान चांगला होता. माळ घालताना तिने आणखी पाहिलं, की मानेची शीर दोरखंडासारखी ताठली आहे आणि राजा कळ गिळून भिंतीकडे बघत हसतो आहे.

शाल्मली बोले थोडं, बघे फार. सासरच्या माणसांना वाटे, सून लाजते. सून लाजत नव्हती, न्याहाळत होती.

तिसऱ्या दिवशी तिला कळलं, की त्या घराण्याला शाप आहे. राजाला सिंहासनावर बसून बारा वर्षं झाली की एका पहाटे मान धरते. चाळिसाव्या दिवशी सूर्य मावळताना तिचा दगड होतो, आणि दगडाच्या मानेवर जिवंत डोकं राहत नाही. चंद्रकेतूचा पणजा असा गेला, आजा असा गेला, बारा वर्षांपूर्वी बापही असाच गेला. सोयरीक जुळवताना हत्ती किती, घोडे किती हे सगळं सांगितलं होतं. एवढं तेवढं राहून गेलं होतं.

वैद्य आले, त्यांनी लेप लावले. मांत्रिक आले, त्यांनी गंडे बांधले. शेवटी एक पैलवान आला. त्याने राजाचं डोकं दोन्ही हातांत धरून असं झटकलं, की मान आणखी तिळभर डावीकडे गेली आणि पैलवान वेशीबाहेर गेला.

त्या संध्याकाळी राजा म्हणाला, "राणीसाहेब, रिवाजाने आपल्याला आमच्या उजवीकडेच राहावं लागतं, म्हणून आपला चेहरा आम्ही अजून पाहिला नाही. वळून बसावं, तर अंग हललं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"घाई नाही महाराज. चेहरा कुठे जात नाही."

"आम्ही जाऊ," राजा म्हणाला. "एकोणतीस दिवस उरले."

 त्या आवाजात कुठेही कुरकुर नव्हती, हे शाल्मलीने ऐकलं. हा माणूस तिला हवा होता, आणि चाळीस दिवसांपेक्षा जास्त हवा होता.

दुसऱ्या सकाळी खिडकीच्या चौकटीवर एक राखी, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी येऊन बसला. त्याने मान सापासारखी लांबवली, डावीकडून पाठीवर नेली, उजवीकडून परत आणली.

"काय बघतेस, राणी?" पक्षी म्हणाला.

"मान. दुखत नाही?"

"मी मानमोडी. आमच्या कुळात कुणाचीच दुखत नाही, कारण कुणी झटकत नाही. काल तुमच्या त्या पैलवानाला बघून मलाच कळ आली."

"उपाय आहे?"

"तीन गोष्टी. खाऱ्या तळ्याच्या राक्षसिणीचं मीठ आण. ते तव्यावर भाज, पुरचुंडी बांध आणि सोसेल तेवढ्या उबेने शेक. आंधळ्या बैलाच्या घाण्याचं तेल आण. कोमट कर आणि खांद्याकडून वर, हलक्या बोटांनी जिरव. ओढायचं नाही, मोडायचं नाही. दुखेल तिथे थांबायचं. याने मान सैल होईल, पण सुटणार नाही."

"आणि तिसरी गोष्ट?"

"राजा जिच्यावर डोकं ठेवतो, त्या उशीला सबंध दिवसाचं ऊन दाखव."

शाल्मलीला हसू आलं. तिच्या माहेरी कुणाची मान अवघडली की आधी उशी अंगणात जाई, मग माणसाची विचारपूस होई. "एवढंच ना? हे तर आमच्याकडे घरोघरी करतात."

"मग या घरी करून दाखव," मानमोडी म्हणाली. "तिन्हींत हीच अवघड."

"आणि तुला आमची एवढी कळकळ का?"

"माझंही काही या घरात अडकलं आहे. काय ते सांगता येत नाही. ज्या जादूगाराने शाप दिला, त्यानेच तो सहज सुटू नये म्हणून माझ्या चोचीला त्या एका गोष्टीपुरती गाठ मारली आहे." एवढं म्हणून ती उडाली.

शाल्मली सासूकडे, राजमातेकडे गेली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आईसाहेब, माहेरची फार आठवण येते." नव्या नवरीच्या या वाक्यावर जगात कुणी शंका घेत नाही. मेणा लगेच निघाला. पहिल्या वळणावर तिने मेणा माहेरी पाठवला आणि स्वतः खाऱ्या तळ्याची वाट धरली.

तळ्याच्या मध्यभागी, कमरेएवढ्या पाण्यात, ताडाएवढी राक्षसीण रडत बसली होती. तिची आसवं काठावर वाळत आणि त्यांचं मीठ होई.

"मीठ हवंय?" राक्षसीण गरजली. "सगळ्यांना मीठच हवं. मी का रडते हे कुणी विचारतं?"

"का रडता?"

राक्षसीण थबकली. तीनशे वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग तिने सांगायला सुरुवात केली. मूळ भांडण जावेशी होतं, एका खलबत्त्यावरून. शाल्मली काठावर बसली आणि ऐकत राहिली. मध्ये बोलली नाही, तोड सुचवली नाही; फक्त योग्य जागी "हं" म्हणाली. पाचव्या दिवशी राक्षसिणीने नाक पुसलं.

"पोरी, आता बोलून झालं. खलबत्ता तसा तिचाच होता म्हणा." आणि तिने ओंजळभर मीठ दिलं. राक्षसिणीची ओंजळ म्हणजे गोणीच. शाल्मलीने त्यातून पदरात मावेल तेवढं घेतलं.

पुढे सात टेकड्यांपलीकडे तेलाचा घाणा होता. घाण्याला एक आंधळा बैल जुंपलेला होता आणि हाकणारा कुणी नव्हता. भोवती मोडलेले चाबूक पडले होते.

"घाई आहे?" बैलाने विचारलं.

"आहे. माझा नवरा मरायला टेकला आहे."

"मग परत जा. घाईने इथलं तेल आटतं."

"घाई माझ्यापाशी राहील. चालीन तुझ्या चालीने."

बैल चालला, शाल्मली त्याच्या बाजूने चालली. एका फेऱ्याला तिळाच्या तेलाचा एक थेंब पडे. तिचे पाय पळू बघत, ती त्यांना आवरी. पाऊल कसं टेकावं, भार कसा सोडावा, दोन पावलांमध्ये श्वास कसा घ्यावा, हे ती त्या बैलाकडून शिकली. बाराव्या दिवशी बुधली भरली.

महालात परतली, तेव्हा अडतिसावा दिवस होता. तिने मीठ भाजलं, फडक्यात बांधलं, आधी आपल्या मनगटाला लावून पाहिलं आणि मग राजाच्या मानेला शेक दिला. तेल कोमट करून बैलाच्या चालीने बोटं फिरवली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच केलं. एकोणचाळिसाव्या संध्याकाळी मान बोटभर उजवीकडे आली आणि राजाला तिच्या पैठणीचा काठ दिसला.

"हिरवा आहे," राजा म्हणाला. 

पण रात्री डोकं उशीवर टेकलं आणि सकाळी मान होती तिथे परत गेली. चाळिसावा दिवस उजाडला.

आता ही उशी काय होती, ते ऐका. पणजोबा महाराजांनी नियम घातला होता, की गादीवर बसेल त्याने राजउशीखेरीज दुसऱ्या कशावर डोकं टेकू नये. ती उसवू नये, दाराबाहेर नेऊ नये, सूर्याला दाखवू नये. पुढच्यांनी नियम तर पाळलाच, वर आपल्याकडून भर घातली. जुनी खोळ न काढता दर पिढीने वरून नवी चढवली आणि आणखी कापूस कोंबला. उशी गुडघ्याएवढी उंच झाली होती, ओंडक्यासारखी घट्ट झाली होती. तिच्यावर झोपून कुणाचीही मान धरली असती. पण ती पूज्य होती, त्यामुळे तसं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शाल्मलीने उशीला हात घातला, तोच दारात राजमाता उभी.

"सूनबाई, तिला हात लावू नका."

"आईसाहेब, आज चाळिसावा दिवस आहे."

"आम्हाला सांगता? आम्ही हे दिवस दुसऱ्यांदा मोजतो आहोत."

"मग हिला एक दिवस ऊन लागू द्या. आमच्या माहेरी..."

"तुमच्या माहेरी राजे नाहीत," राजमाता तडकली. मग पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने उशीवर हात ठेवला. "आमच्या स्वारींनी शेवटचं डोकं टेकलं ते हिच्यावर. वाळ्याचं तेल लावायचे. वरची खोळ नवी आहे, पण आतली त्यांची आहे. उन्हाने वास जाईल."

बाहेर सूर्य वर येत होता. शाल्मलीला राक्षसीण आठवली नाही, बैल आठवला नाही. तिला समोरची बाई दिसली. घाई पोटात घालून ती शेजारी बसली. बराच वेळ गेला. मग हळूच तिने विचारलं, "आईसाहेब, अजून येतो का तो वास?"

राजमातेने उशीत नाक खुपसलं. पुष्कळ वेळ तशीच राहिली.

"नाही," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली असतील. मी रोज येतो असं धरून चालते." मग डोळे पुसून उठली. "बघता काय? धरा ते टोक. एकटीला उचलणार आहे का?"

सासूसुनांनी राजउशी चौकात आणली. दासींनी तोंडावर हात नेले. द्वारपाल आडवा आला. राजमातेने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो आडवा राहिला नाही. चौकात भिंतीची सावली सरके तशी दोघी उशी सरकवीत. मध्येच कावळे आले, तर राजमाता पदाच्या त्या बाईने पापड राखावेत तशी हातात काठी घेतली.

दुपार चढली. उशी करकरू लागली. वरची खोळ फाटली, कापूस उडाला. दुसरी फाटली. तिसरी फाटली. शेवटी पणजोबांची खोळ उसवली आणि आतून एक सोन्याचं अंडं बाहेर आलं. भर उन्हात त्याच्यावर दंव होतं.

कौलावरून मानमोडी झेपावली आणि पंख पसरून त्या अंड्यावर बसली. ऊन वरून, ऊब खालून. सावल्या लांबल्या. महालात राजाची मान हाताला गार लागू लागली, असं सांगत दासी आली. राजमाता भिंतीला टेकली. शाल्मली उठली नाही. तिने फक्त सावली पोचण्याआधी मानमोडीसकट अंडं चौकातल्या शेवटच्या उन्हात सरकवलं.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा अंडं तडकलं. आतून एक बिनपिसांचं, अत्यंत कुरूप पिल्लू बाहेर आलं. त्याने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं.

मानमोडीच्या चोचीची गाठ सुटली. "तुमच्या पणजाने जादूगाराच्या बागेतून माझं अंडं चोरलं," ती म्हणाली. "कुणाला सापडू नये म्हणून उशीत शिवलं आणि नियम घातले. जादूगार म्हणाला, जोवर हे अंडं गार, तोवर त्या घराची मान ताठ. जादूगार केव्हाच मेला. शाप तेवढा मागे राहिला होता. आज तोही गेला."

एवढ्यात आतून आरोळी आली आणि राजा चौकात धावत आला. "सुटली! मान सुटली!" म्हणत तो ती गर्रकन वळवणार, तोच दोघी एकदम ओरडल्या, "हळू!"

राजा थांबला. मग बैलाच्या चालीने, श्वास घेत, त्याने मान फिरवली. भिंत गेली, खांब गेला, आई गेली, आणि मान उजवीकडे पोचली. तिथे शाल्मली उभी होती. दिवसभराच्या उन्हाने तोंड लाल झालेलं, भुवयांवर, केसांत, सगळीकडे कापूस.

राजा बघत राहिला.

"काय झालं, महाराज?" शाल्मली म्हणाली. "पसंत नसेल तर डावीकडे बघायची सवय आहेच."

राजा हसला, या वेळी भिंतीकडे बघून नव्हे. "बारा पिढ्या पुरेल एवढं डावीकडे बघून झालं," तो म्हणाला. "आता आमची मान इकडेच अवघडली तरी चालेल."

"असलं काही बोलू नका," राजमाता म्हणाली, "नाहीतर पुन्हा मीठ आणायला जावं लागेल सुनेला." आणि ती खाली बसून फाटक्या खोळींतून आपल्या स्वारींची खोळ शोधू लागली. सापडली, तेव्हा तिने ती गालाशी धरली. खोळ ऊन ऊन होती.

दुसऱ्या दिवसापासून राजा एका पातळ, साध्या उशीवर झोपू लागला. राणीचं आसन समोर मांडलं गेलं. पणजोबांचे नियम ताम्रपटावरून घासून काढले, आणि महिन्यातून एकदा राज्यातल्या सगळ्या उशा अंगणात जाऊ लागल्या, राजाची सगळ्यांत आधी.

जशी चंद्रकेतूची मान मोकळी झाली, तशी ऐकणाऱ्याची होवो, वाचणाऱ्याची होवो, आणि लिहिता लिहिता जिची अवघडली तिचीही होवो.