ओ देणारा डोंगर

फार पूर्वी एका राज्यात एक डोंगर होता आणि त्या डोंगराला एक राखणदार होता. डोंगरावर ना देऊळ ना बाजार, तरी आसपासच्या गावांतली माणसं दशम्या बांधून तिथं फिरायला येत. राखणदाराचा त्या डोंगरावर फार जीव.

एकदा राजाला नव्या किल्ल्यासाठी दगड हवा होता. त्यानं निरोप धाडला, "दिवाळीपर्यंत माणसं येत राहिली तर डोंगर राहील. नाहीतर फोडायला घेऊ."

गर्दी वाढावी म्हणून राखणदारानं कंबर कसली. वाट फरसबंद केली, कमळांचं तळं केलं आणि कड्यावर वारा फार म्हणून तिथं उंच नक्षीदार भिंत उभारली. लोकांना काय आवडतं ते आपल्याला ठाऊकच आहे, असं तो धरून चालला होता. बिचाऱ्यानं विचारलं मात्र कुणालाच नाही.

झालं भलतंच. माणसं यायची, भिंतीपाशी घुटमळायची, छान आहे म्हणायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तळ्याकाठी बेडकांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

एके दुपारी नेहमी येणारी एक म्हातारी भिंतीपर्यंत आली आणि तशीच मागं वळली. राखणदारानं तिला पाणी दिलं आणि एकदाचं विचारलं, "आजी, तुम्ही इथं कशासाठी येत होता?"

म्हातारी लाजली. "हसू नकोस, बाबा. घरात मी एकटी. हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही. इथून हाक मारली की दरीपलीकडच्या कड्यावरून हा डोंगर ओ द्यायचा. तुझ्या भिंतीनं त्याचं तोंडच बंद केलं."

मग तो गावोगाव विचारत हिंडला. पोरं स्वतःचं नाव ओरडायला येत. नव्या सुना घरात घेता न येणारं नवऱ्याचं नाव इथं मोकळ्या गळ्यानं घेत. हाका राखणदाराच्याही कानी पडत, पण आपण खास आरडाओरडा करायलाच येतो, हे त्याला सांगणार कोण?

त्यानं स्वतःच्या हातानं भिंत पाडली, कमरेएवढा कठडा तेवढा ठेवला. दिवाळीला राजाचा माणूस डोंगर चढून आला, तेव्हा हाकांच्या गलक्यात त्याला स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. डोंगर वाचला.

राखणदाराचे डोळे भरून आले. त्यानं म्हातारीपुढं हात जोडले. ती म्हणाली, "माझे कसले उपकार? ज्यानं माणसं आणली, त्याला सांग."

इतकी वर्षं तिथं राहून राखणदारानं कधी हाक मारली नव्हती. तो कठड्याशी गेला आणि ओरडला, "फार उपकार झाले!"

क्षणभरानं पलीकडून डोंगरही त्याला तेच म्हणाला.

तात्पर्य: कुणासाठी काही करायला निघालात, तर त्याला काय हवं ते आधी विचारा आणि तो सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका.