ओल्या गिलाव्याचं घर

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक गवंडी राहत असे. धोंडू त्याचं नाव. त्याने बांधलेली भिंत ओळंब्याला केसभरही सुटायची नाही, आणि हे इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं.

एकदा त्याने आणि त्याच्या बायकोने, सुंद्राने, कोंबड्या पाळायचं ठरवलं. शहरातल्या उबवणी केंद्राला पत्र टाकलं, की एका दिवसाची पिल्लं एसटीने गावात येत. धोंडूने पन्नास पिल्लं मागवली आणि त्यांच्यासाठी घर बांधायला घेतलं.

दुसऱ्या कुणी चार फळ्या ठोकून खुराडं केलं असतं. धोंडूने विटा रचल्या, वर कौलं चढवली, दाराला कमान काढली, आतून-बाहेरून गिलावा केला. जाणारे-येणारे थांबून म्हणत, "पिल्लांची चैन आहे बुवा!" धोंडू नुसता हसे, आणि कमानीवरून आणखी एकदा थापी फिरवी.

गिलावा संपला त्याच दिवशी केंद्राचं कार्ड आलं. 'ठरल्याप्रमाणे पुढच्या सोमवारी पिल्लं पाठवतो. जागा कोरडी आणि उबदार असेल तरच "तयार" असं उलट टपाली कळवा. नसेल तर पुढच्या महिन्यात पाठवू.'

सुंद्राने भिंतीला तळहात लावला. "अजून ओल आहे हो. पुढच्या महिन्यात येऊ देत."

"अगं, सगळ्या गावाला मी सोमवार सांगून बसलोय. आठ दिवस आहेत. वाळेल."

नवा गिलावा वाळायला किती दिवस लागतात, हे त्या गावात धोंडूइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्याने कार्डावर 'तयार' लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं.

नेमके पौषातले दिवस. आभाळ भरून राहिलं, ऊन पडलंच नाही. धोंडूने आत शेगडी पेटवून ठेवली, तर भिंतींनाच घाम फुटला. सोमवारी सकाळी एसटीतून भोकं पाडलेली पेटी उतरली. आत कापसाच्या बोंडांसारखी मऊ, पिवळी पन्नास पिल्लं चिवचिवत होती.

गाव बघायला लोटला. त्यात शेजारची गोजरा होती. ती टोपल्या विणून पोट भरायची. तिने कमानीकडे पाहिलं नाही, आत हात घालून भिंत चाचपली आणि हळूच म्हणाली, "धोंडूभाऊजी, ओल आहे."

चार माणसं ऐकत होती. धोंडू म्हणाला, "नव्या भिंतीचा गारवा असतोच, वहिनी. जाईल."

माणसं पांगली. तासाभराने आतला आवाज बदलला. चिवचिव कर्कश झाली, मग एकाच कोपऱ्यातून येऊ लागली. सुंद्राने दार उघडलं. उबेसाठी सगळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढली होती. तिने वरची पिल्लं बाजूला केली. तळाची सात हलत नव्हती.

धोंडूने वाकून आत पाहिलं. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. सरपंच पाहुण्यांना घेऊन येत होते, खास कमान दाखवायला. दार लोटून घेतलं असतं, पिल्लं झोपलीत म्हटलं असतं, तर वेळ निभावली असती. आतून एक बारीकशी चिवचिव आली.

धोंडूने डोक्याचा फेटा सोडला, त्यात उरलेली पिल्लं गोळा केली आणि सरपंचांच्या समोरून, बोडक्या डोक्याने, गोजराच्या दारात गेला.

"वहिनी, यांना कोरडी जागा द्या."

गोजरा लगेच उठली. कोपऱ्यात तिनेच विणलेलं एक मोठं डालगं होतं. तिने ते उताणं केलं, आत भाताचं तूस पसरलं, बाहेरून गोणपाट गुंडाळलं आणि शेजारी निखाऱ्यांची शेगडी सरकवली. मग एकेका पिल्लाची चोच कोमट गूळपाण्यात बुडवत राहिली. "बघत राहा, भाऊजी. गोळा झाली तर गारठलीत, शेगडीपासून लांब पळाली तर तापलीत. ती आपणहून सांगतात."

दुपारपर्यंत पिल्लं डालग्यात मोकळी पसरली, दाणे टिपू लागली. तोवर सरपंच आणि पाहुणे पिल्लांचं घर बघून गोजराच्या दारात आले होते.

"काय झालं रे?" सरपंचांनी विचारलं. "किती गेली?"

"सात."

"थंडीच तसली पडलीय. तू तरी काय करणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंडूने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण त्याने हात जोडले. "थंडीने नाही गेली. भिंत ओली आहे हे मला माहीत होतं. तयार नसताना मी तयार आहे म्हणून लिहिलं. वहिनींनी सांगितलं, तेव्हाही ऐकलं नाही."

सुंद्राने त्याच्या हातात गूळपाण्याची वाटी दिली, आणि तो पिल्लांना पाणी पाजायला बसला.

त्या वैशाखात शेजारगावच्या एका माणसाने धोंडूकडून घर बांधून घेतलं. सून यायची होती, मुहूर्त धरलेला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. "द्या की किल्ली," तो म्हणाला.

धोंडूने भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "अजून पंधरा दिवस, दादा. सुनेला तोवर जुन्याच घरात उतरवा."

"लोक काय म्हणतील?"

"धोंडू गवंड्याने वेळेत काम केलं नाही म्हणतील," तो म्हणाला. "म्हणू देत."

तात्पर्य एवढंच: कुणाचा जीव आपल्या भरवशावर येणार असेल, तर 'अजून तयारी झाली नाही' असं सांगायला लाजू नये, लाजेपोटी म्हटलेल्या 'तयार'ची किंमत येणाऱ्याला मोजावी लागते.