गाळलेली राख

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. नेमकं किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, सांगणारेही आता राहिले नाहीत.

त्या गावात पंतोजी आपल्या घरीच मुलांना शिकवायचे आणि त्यांच्या शेजारी गोजराकाकू राहायच्या. कुंपणापलीकडे काय चाललंय हे कळल्याशिवाय काकूंचा घास घशाखाली उतरत नसे.

एकदा पंतोजींनी मुलांसाठी गावाचा इतिहास लिहायला घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी वाचलं, "अमुक राजाच्या सातव्या वर्षी दुष्काळ पडला. पुढे तो सरला." मुलं पेंगली. पंतोजींची नात यमी तर पाटीवर डोकं टेकून घोरू लागली.

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी आवाज चढवला. "दुष्काळ पडला! तेव्हा आपल्या वीर पूर्वजांनी रानातले विषारी कंद उपटले आणि कच्चेच चावून खाल्ले. विष हरलं, वीर जिंकले!"

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"अहो पंतोजी," कुंपणापलीकडून काकू ओरडल्या, "राख कुठं गेली?"

"कसली राख, गोजराबाई?"

"कंद राखेच्या पाण्यात उकडायचा, मग रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचा. तेव्हा कुठं त्याचं विष जातं! माझी आजी होती की त्या दुष्काळात. तिनं कच्चा चावला, तर जीभ सुजून दोडक्याएवढी झाली. तीन दिवस बोलता येईना. आजोबा म्हणायचे, सबंध संसारात तेवढेच तीन दिवस शांततेत गेले."

मुलं खुदकन हसली. पंतोजींना ते आवडलं नाही.

"इतिहासात सुजलेल्या जिभा शोभत नाहीत. मुलांना अभिमान वाटला पाहिजे."

"यंदाही पाऊस नाही. पोरं रानात खायला हुडकत फिरतायत. अभिमान काय उकडून खाणार?"

पंतोजींनी खिडकी लावून घेतली.

काकूंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्या सुपात राख घेऊन थेट दारात उभ्या राहिल्या.

"पुन्हा तुम्ही?"

"पुन्हा मीच. एवढी एक ओळ लिहा, की मी जाते."

"बाई, तुम्ही भाकऱ्या करा. लिहायचं मी बघतो."

काकू तणतणत परतल्या. तव्यावरची भाकरी करपली, तीही पंतोजींच्याच नावानं.

आणि मग व्हायचं तेच झालं. मुलं रानात वीरांचा खेळ खेळली. यमी सगळ्यांत शूर. तिनं कंद उपटला आणि कच्चाच चावला.

तिला उचलून घरी आणलं तेव्हा ओठ सुजले होते, घशातून शब्द फुटत नव्हता. वैद्यबुवा दोन दिवस उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. यमीनं पाटी मागितली आणि लिहिलं, 'आजोबा, मी वीर नाही का?'

पंतोजी उठले आणि कुंपणापाशी गेले. मान खाली घालून म्हणाले, "गोजराबाई, राखेचं सांगा."

काकूंच्या ओठांवर दोन दिवसांचं बोलणं साठलं होतं. पण पंतोजींचे डोळे पाहून त्यांनी ते गिळलं.

"आता विचारताय होय! बसा. लेखणी काढा. आणि दोडका गाळायचा नाही, सांगून ठेवते."

पुढच्या आठवड्यात पंतोजींनी नवा इतिहास वाचला. दोडक्यापाशी मुलं लोळून हसली. मग प्रश्नांचा भडिमार झाला. "राखेचं कुणाला सुचलं?" "किती वेळ उकडायचं?"

"कुणा एकीला नाही सुचलं," काकू कुंपणावरून म्हणाल्या. "धा जणींनी धा वेळा चुका केल्या, तेव्हा जमलं."

त्या दिवशी कुणीही पेंगलं नाही. घोगऱ्या आवाजात सर्वांत जास्त प्रश्न यमीनंच विचारले.

त्या उन्हाळ्यात घराघरांत राखेच्या पाण्यात कंद उकडले आणि ओढ्याच्या उरल्यासुरल्या धारेत टोपल्या बुडाल्या. गाव जगलं, आणि एकाचीही जीभ सुजली नाही.

तात्पर्य: मुलांसाठी इतिहास जिवंत करायचा तर त्यात खोटा पराक्रम भरू नये, आणि खऱ्या माणसांच्या चुका गाळू नयेत.