खळीचं तळं

मागवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी एक तळं आहे. पाणी दुधाळ, कितीही पाऊस येवो, ते निवळत नाही. भैरोबाचे गुरव दाजी पाहुण्यांना देवळाच्या आधी हे तळं दाखवतात. देव काय, सगळ्या गावांना आहेत, असं त्यांचं म्हणणं.

फार मागं, असं सांगतात, इथं दोनच माग होते आणि घोंगड्या विणणारे सणगर त्या खांद्यावर टाकून दारोदार हिंडत. सटवाजी सणगरानं त्यांना एकत्र आणलं. धनगरांकडून लोकर सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि माल कोकणातल्या बाबूशेटांना द्यायचा, असं ठरवलं. शेट दर उन्हाळ्याच्या अखेरीस बैल घेऊन घाट चढत. खाली भाताची आवणी, म्हणजे लावणी, करणारी माणसं याच घोंगड्या पांघरून दिवसदिवस पावसात वाकलेली असत. दहा-बारा वर्षांत माग बावीस झाले. एवढ्या काळात शेटांनी भरवशापोटी एकही घोंगडी उलगडून पाहिली नाही म्हणे.

मग एका साली मेंढरांवर रोग पडला. लोकर निम्मीही मिळेना, आणि सटवाजी तर तीनशे घोंगड्यांचा शब्द देऊन बसलेला. तेव्हा त्यानंच विणकरांना सांगितलं, वीण विरळ करा आणि खळ दाट लावा. खळ म्हणजे चिंचोक्याची पेज. ती वाळली की विरळ घोंगडीसुद्धा अशी ताठ होते, की जाणत्याचा हात फसावा. पण पहिल्या पावसात ती धुऊन जाते.

शेट यायच्या दिवशी सकाळी सटवाजीची लेक तानाई सासरी निघाली होती. तिला घोंगडी द्यायला तो उठला, नव्या थप्पीवरून पुढं गेला आणि कोपऱ्यातली जुनी उचलून आणली.

“आबा, नव्यातली द्या की,” तानाई म्हणाली.

आपल्या लेकीला जी देववत नाही, ती आपण खालच्या लेकीबाळींना द्यायला निघालो, हे सटवाजीला तेव्हा कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

शेटांना खरं सांगून टाकतो, असं तो म्हणताच विणकर त्याच्यावर चिडले. शेट तुटले तर बावीस घरांच्या चुली विझतील, असं ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. सटवाजीनं वाद घातला नाही. बैल तळ्यापाशी पाणी प्यायला थांबले, तेव्हा तो एक नवी घोंगडी घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि पायांनी तुडवू लागला. खळ सुटली. घोंगडी पिळून त्यानं उन्हात धरली, तर आरपार समोरचा डोंगर दिसला.

“मीच असं विणाय सांगितलं,” तो शेटांना म्हणाला. “ह्यात ह्यांचा दोष न्हाई.”

हे ऐकल्यावर एकेक विणकर आपापली थप्पी घेऊन पाण्यात उतरला. दुपारपर्यंत तळं पांढरंफेक झालं आणि तीनशेतल्या आधी दाट विणलेल्या चाळीसच घोंगड्या टिकल्या.

शेट म्हणाले, “हीच घोंगडी खाली जाऊन मी भिजवली असती, सटवाजी, तर पुन्हा हा घाट चढलो नसतो.”

त्यांनी चाळीस घोंगड्या घेतल्या. बाकीचे बैल रिकामे नेले नाहीत. आपली माणसं देऊन ते पार वरच्या मुलखात लोकर आणायला पाठवले. तरी त्या साली खाली कित्येकांनी पानांची इरली घेऊन भिजतच आवणी उरकली, आणि सटवाजीला ते मरेपर्यंत लागून राहिलं, असं दाजी सांगतात.

आजही मागवाडीच्या बाजारात प्रत्येक सणगरापुढं पाण्यानं भरलेली परात असते. भाव सांगण्याआधी तो घोंगडीचं टोक स्वतः भिजवतो, पिळतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, राहू द्या, आमचा तुमच्यावर भरवसा आहे. त्यांच्या घोंगडीचं टोक म्हणे सणगर जरा जास्तच वेळ बुडवून ठेवतात.