माशी आधी चाखणारी आई

खूप खूप वर्षांपूर्वीची, डोंगर आजच्यापेक्षा थोडे उंच होते तेव्हाची गोष्ट.

एका थंडगार ओढ्यात ट्राउट जातीची एक मासोळी आपल्या दोन पिल्लांसह राहायची. बर्फ पडायच्या आत पिल्लांच्या अंगावर मांस चढायला हवं होतं, नाहीतर हिवाळा काही निघाला नसता. खायला होत्या त्या एवढ्याशा माश्या, एकच दिवस जगणाऱ्या, संध्याकाळी पाण्यावर उतरणाऱ्या.

पण काठावर एक म्हातारा गळ घेऊन बसायचा. पिसाचे तुकडे आणि रेशमाचा धागा गळाला गुंडाळून तो हुबेहूब तशीच माशी करायचा.

आईची झोपच उडाली. "मला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," तिने पिल्लांना बजावलं.

"आई, ही खाऊ?"

"थांब. पंख बघू दे. हिचे पाय जरा जास्तच सरळ नाहीत का?"

तोवर माशी वाहून जायची. मग आईला वाटायचं, खरीच होती बहुतेक. आणि पुढची माशी ती दुप्पट वेळ निरखायची.

शेजारचा बेडूक म्हणाला, "वहिनी, माशी गिळायचीय, सून करून घरी आणायची नाहीये."

"तुम्हाला बोलायला काय जातंय, भावजी? तुमच्यावर कोणी गळ टाकत नाही."

पिल्लं मात्र वाळत चालली. धाकट्याला तर धारेत टिकून राहणंही जमेना. शेवटी आईने तोडगा काढला: प्रत्येक माशी आधी आपण ओठाने चाखायची, मग मुलांना द्यायची.

पहिलीच चाखली आणि गळ ओठात रुतला. आई दिसेनाशी झाली.

पिल्लं भेदरून दगडाआड लपली. बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "ती माशी येतानाच पाण्याला आडवी येत होती. दोरा ओढत होता तिला. बाकीच्या बघ, पाण्याबरोबर चालल्यात."

"मग त्या खायच्या?"

विचारायला आई नव्हती. त्यांनी खाल्ल्या.

तिकडे म्हाताऱ्याने आईला तळहातावर तोलून पाहिलं. "हिला घरी कोणी जेवू घालत नाही वाटतं," म्हणाला आणि पाण्यात सोडून दिलं.

सुजल्या ओठाने ती घरी पोचली, तर पिल्लं पोट फुगवून पडलेली.

"मला न विचारता खाल्लंत?"

"तू होतीस कुठे?" धाकट्याने ढेकर दिला.

आई रागावणार होती, पण त्या ओठाने नीट रागावताही येईना. थोरलीने दाखवली ती माशी तिने मुकाट्याने गिळली. तो हिवाळा तिघांनीही काढला.

यातून घ्यायचं ते एवढंच: मुलांची काळजी जरूर करावी, पण त्यांच्या वाट्याचा विचार त्यांनाच करू द्यावा.